स्पोर्टी मोटार : दिमाख दिसण्याचा की धावण्याचा?

शोरूममध्ये उभी असलेली लाल रंगाची एखादी हॅचबॅक पाहून पाय थबकतात. छताच्या मागच्या कडेला स्पॉयलर, काळ्या रंगाची जाळी, मोठी अलॉय चाके, आसनांवर लाल दोऱ्याची शिवण आणि मागच्या दारावर ‘स्पोर्ट’ अशी अक्षरे. साध्या मॉडेलपेक्षा किंमत साठ-सत्तर हजारांनी जास्त असते आणि घरातील तरुण मंडळींचा कौलही याच गाडीला मिळतो. बॉनेट उघडून पाहिले तर आत मात्र साध्या मॉडेलचेच इंजिन असते. गिअरबॉक्स तोच, ब्रेकही तेच.

यात फसवणूक झाली असे म्हणता येत नाही, कारण ‘स्पोर्टी’ या शब्दाची कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. कोणत्याही कंपनीला तो कोणत्याही गाडीवर लावता येतो. त्यामुळे आपण जादा पैसे रूपासाठी मोजत आहोत की कामगिरीसाठी, हे ओळखण्याची जबाबदारी ग्राहकावरच येते. परवडणाऱ्या किमतीच्या गाड्यांत ही जबाबदारी अधिक मोठी असते. पन्नास लाखांची गाडी घेणाऱ्याला दोन्ही गोष्टी मिळतात. दहा लाखांच्या आत खरेदी करणाऱ्याला मात्र बहुधा एकीची निवड करावी लागते.

दोन जुन्या परंपरा

रूप आणि कामगिरी यांची ही फारकत नवी नाही. १९५५ मध्ये फोक्सवॅगनने ‘कारमान घिया’ ही देखणी दोन दारांची गाडी बाजारात आणली. रेखाटन इटलीतील घिया या संस्थेचे, बांधणी जर्मनीतील कारमान या कारखान्याची; आतील सांगाडा आणि इंजिन मात्र साध्यासुध्या ‘बीटल’चे. सुरुवातीच्या गाडीची शक्ती जेमतेम ३० अश्वशक्ती होती. तरीही जवळपास दोन दशकांत या गाडीच्या चार लाखांहून अधिक प्रती खपल्या. सुंदर दिसणारी, चालवायला सोपी आणि दुरुस्तीला स्वस्त अशी गाडी लोकांना हवी होती व तशी ती मिळाली.

अमेरिकेत फोर्डने एप्रिल १९६४ मध्ये ‘मस्टँग’ सादर केली, तेव्हाही हेच सूत्र वापरले. लांब बॉनेट आणि आखूड मागची बाजू असलेल्या या गाडीचे बरेचसे अंतरंग ‘फाल्कन’ या कौटुंबिक मोटारीतून घेतलेले होते. २,३६८ डॉलर या मूळ किमतीत सहा सिलिंडरचे १०१ अश्वशक्तीचे इंजिन मिळे. ज्याला वेग हवा, त्याने जादा पैसे मोजून आठ सिलिंडरचे इंजिन घ्यावे, अशी सोय होती. पहिल्याच वर्षात चार लाखांहून अधिक मस्टँग विकल्या गेल्या.

दुसरी परंपरा याच्या अगदी उलट आहे. १९७६ मध्ये आलेल्या ‘गोल्फ जीटीआय’मध्ये फोक्सवॅगनने साध्या कौटुंबिक हॅचबॅकला इंधन इंजेक्शनचे १.६ लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन दिले. गाडीचे वजन सुमारे ८१० किलो होते आणि ती ताशी १८० किलोमीटरच्या पुढे जाई. बाहेरून फरक काय, तर जाळीभोवती एक बारीक लाल रेघ. आत चौकड्यांचे आसन-कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ. कंपनीने प्रारंभी केवळ पाच हजार गाड्यांचा अंदाज बांधला होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. ‘हॉट हॅच’ या प्रकाराला लोकमान्यता मिळाली ती या गाडीमुळे.

या दोन्ही परंपरा आपापल्या जागी योग्यच होत्या. मात्र गाडी कोणत्या परंपरेतील आहे, हे त्या ग्राहकांना ठाऊक होते. आपल्याकडे नेमका इथेच घोळ होतो.

भारतीय रस्त्यावर

उदारीकरणानंतर भारतीय ग्राहकाला ताकदवान इंजिनाची चव प्रथम सेडान गाड्यांनी दिली. १९९९ मध्ये आलेल्या फोर्ड आयकॉनचे १.६ लिटरचे इंजिन सुमारे ९२ अश्वशक्तीचे होते. होंडा सिटीच्या १.५ लिटर व्हीटेक इंजिनाची शक्ती १०६ अश्वशक्ती होती. त्या काळातील अनेक चाहत्यांच्या गॅरेजमध्ये ही गाडी आजही जपून ठेवलेली दिसते. २००१ मध्ये फियाटने पॅलिओ आणली. तिची सुमारे १०० अश्वशक्तीची १.६ जीटीएक्स ही आवृत्ती म्हणजे परवडणाऱ्या हॅचबॅकमधील एक धाडसच होते. सचिन तेंडुलकर या गाडीच्या जाहिरातीत होता. तरीही ‘पेट्रोल फार पिते’ हा शिक्का तिच्यावर बसला तो कायमचा.

ग्राहकाचा कल कंपन्यांनी लवकर ओळखला. २००३ मध्ये नवी होंडा सिटी आली तेव्हा तिच्यात ७७ अश्वशक्तीचे, इंधनाची बचत करणारे इंजिन होते. शक्ती सुमारे तीस अश्वशक्तींनी घटली, जागा वाढली आणि गाडी भरपूर खपली. अधिक ताकदीचे व्हीटेक इंजिन काही काळाने परत आणले गेले, पण बाजाराने द्यायचा तो कौल दिलेला होता. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न ‘पिकअप कसा आहे?’ या प्रश्नाच्या नेहमीच आधी येत राहिला.

त्याच वर्षी मारुतीने झेनच्या ‘कार्बन’ आणि ‘स्टील’ या तीन दारांच्या मर्यादित आवृत्त्या काढल्या. त्यांचे रूप वेगळे होते, इंजिन नेहमीचेच. त्याआधी १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी उघड्या गाडीनेही असेच कुतूहल निर्माण केले होते. फायबरची हलकी बॉडी, खऱ्या स्पोर्ट्स कारचे रूप आणि रेनॉचे १.२ लिटरचे सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन असा तो मेळ होता. वेगाच्या अपेक्षेने पाहणाऱ्यांचा अपेक्षाभंग झाला. समुद्रकाठच्या रस्त्यावर वारा अंगावर घेत रमतगमत जाणाऱ्यांना मात्र ती पुरेशी होती.

कराची चौकट

भारतात परवडणारी वेगवान गाडी दुर्मीळ का, याचे उत्तर अभियांत्रिकीपेक्षा करव्यवस्थेत अधिक सापडते. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. छोटी मोटार म्हणजे चार मीटरपेक्षा अधिक लांब नसलेली आणि पेट्रोल असल्यास १,२०० सीसी, डिझेल असल्यास १,५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाची, अशी तिची व्याख्या झाली.

या एका व्याख्येने पुढच्या दोन दशकांच्या गाड्यांची घडण ठरवली. पॅलिओसारख्या १.६ लिटरच्या हॅचबॅकचे गणित बिघडले. २००५ मध्ये १.३ लिटरच्या इंजिनासह आलेल्या स्विफ्टला २०१० मध्ये १.२ लिटरचे इंजिन मिळाले. वस्तू आणि सेवा कर आल्यावरही ही सीमारेषा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के, तर न बसणाऱ्या गाडीवर ४० टक्के कर आहे. म्हणजे १,२०० ऐवजी १,४०० सीसीचे पेट्रोल इंजिन बसवले, तर लांबी चार मीटरच्या आत असूनही गाडी वरच्या दरात जाते.

अशा वेळी कंपनीपुढे दोन वाटा राहतात. छोटे इंजिन तसेच ठेवून रूप बदलायचे, किंवा त्याच छोट्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडायचा. पहिली वाट स्वस्त आहे. बंपर, स्टिकर आणि आसनांचे कापड बदलण्यास नव्याने इंजिनाच्या चाचण्या व मान्यता लागत नाहीत. ‘स्पोर्ट’ नावाच्या बहुतेक आवृत्त्या याच वाटेने जन्माला येतात.

टर्बोची वाट

टर्बोचार्जर म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबावर फिरणारा पंखा. तो इंजिनात अधिक हवा कोंबतो. हवा अधिक म्हणून इंधनही अधिक जाळता येते आणि छोट्या इंजिनातून मोठ्या इंजिनाची शक्ती मिळते. एप्रिल २०१३ मध्ये आलेली, पुण्याजवळ चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय हे या वाटेचे ठळक उदाहरण. इंजिन १,१९७ सीसीचे, म्हणजे कराच्या मर्यादेत बसणारे. शक्ती १०५ अश्वशक्ती आणि टॉर्क १७५ न्यूटन मीटर. सोबत सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स होता. सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ७ लाख ९९ हजार रुपये होती. बाहेरून तिच्यात आणि साध्या पोलोत किरकोळ फरक होता. २०२२ मध्ये पोलोचे उत्पादन थांबले, तेव्हा हळहळणाऱ्यांत याच आवृत्तीचे चाहते अधिक होते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये फियाटने ‘अबार्थ पुंटो’ आणली. तीही पुणे जिल्ह्यातच, रांजणगावला तयार होत असे. १,३६८ सीसीचे टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत ९ लाख ९५ हजार रुपये. कराच्या सवलतीबाहेर असूनही दहा लाखांच्या आत एवढी शक्ती देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा नव्हती. पण फियाटचे विक्रेत्यांचे जाळे विरळ होते आणि जुन्या गाडीच्या किमतीची धास्ती मोठी होती. कौतुक झाले त्या मानाने खरेदी झाली नाही.

मार्च २०१७ मध्ये आलेल्या मारुती बलेनो आरएसमध्ये ९९८ सीसीचे १०२ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये टाटाने कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जच्या साह्याने टियागो जेटीपी आणली. ११४ अश्वशक्तीच्या या गाडीची किंमत ६ लाख ३९ हजार रुपये होती. रुपयामागे मिळणारी कामगिरी मोजायची झाल्यास तिच्या तोडीची गाडी सापडणे कठीण होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. कमी खपणाऱ्या आवृत्त्यांसाठी नव्या निकषांचा खर्च करणे कंपन्यांना परवडले नाही आणि या दोन्ही गाड्या बाजारातून गेल्या.

त्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये आलेली ह्युंदाई आय-२० एन लाइन मधल्या वाटेने गेली. इंजिन साध्या आय-२० मध्ये तेव्हा मिळणारेच, १२० अश्वशक्तीचे टर्बो. पण सस्पेन्शन अधिक ताठ, स्टिअरिंगची जडणघडण वेगळी, सायलेन्सरचा आवाज भारदस्त आणि मागेही डिस्क ब्रेक. जून २०२४ मध्ये टाटाने १२० अश्वशक्तीची अल्ट्रोझ रेसर ९ लाख ४९ हजारांच्या प्रारंभिक किमतीत आणली. तिच्यात पट्टेरी रंगसंगतीबरोबर साध्या अल्ट्रोझपेक्षा सरस इंजिनही होते. या दोन गाड्यांनी रूप आणि कामगिरी यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला, असे म्हणता येईल. संपूर्ण कामगिरी हवी असल्यास तिचे मोल किती होते, याचाही दाखला आहे. २०१६ मध्ये आयात झालेल्या १९२ अश्वशक्तीच्या पोलो जीटीआयची किंमत सुमारे २६ लाख रुपये होती.

तक्ता कसा वाचावा?

माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेला तांत्रिक तक्ता हीच गाडीची खरी कुंडली. त्यात पुढील गोष्टी पाहाव्यात.

शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर : केवळ अश्वशक्तीचा आकडा दिशाभूल करतो. अश्वशक्तीला वजनाने भागून दर टनामागे किती शक्ती मिळते ते काढावे. बलेनो आरएसचे वजन सुमारे ९५० किलो होते, म्हणजे टनामागे सुमारे १०७ अश्वशक्ती. पहिल्या गोल्फ जीटीआयची शक्ती थोडीशीच जास्त होती, पण वजन कमी असल्याने तिचा हाच आकडा १३६ भरतो. बॉडीकिट आणि मोठी चाके वजन वाढवतात. त्यामुळे इंजिन तेच असलेली ‘स्पोर्ट’ आवृत्ती साध्या आवृत्तीपेक्षा कणभर मंदही असू शकते.

टॉर्क आणि तो मिळण्याची वेळ : साध्या बलेनोच्या १.२ लिटर इंजिनाचा ११५ न्यूटन मीटर टॉर्क ४,००० फेऱ्यांना मिळे. पोलो टीएसआयचा १७५ न्यूटन मीटर टॉर्क १,५०० फेऱ्यांपासूनच उपलब्ध होई. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडताना हा फरक जाणवतो. समोरून वाहन येत असताना चुकीच्या बाजूला आपण किती सेकंद राहतो, हे याच आकड्यावर बरेचसे अवलंबून असते.

ब्रेक आणि टायर : वेग दुप्पट झाला की गाडी थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. इंजिनाची शक्ती वाढवून ब्रेक आणि टायर जुनेच ठेवलेले असतील, तर ते काम अर्धवट झाले असे समजावे. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आहे का, हेही अवश्य पाहावे. पावसाळ्यात घाटातील वळणावर स्पॉयलरपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

स्पॉयलर : हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला जो परिणाम होतो, त्याचा केवळ चौथा हिस्सा ५० ला होतो. शहरातील वेगाला तो जाणवतही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारींची वेगमर्यादा सपाटीवर १०० आहे. त्यामुळे बहुतेक हॅचबॅकवरील स्पॉयलर हा निव्वळ अलंकार ठरतो.

मोठी चाके : टायरवरील १८५/६५ आर १५ या आकड्यांचा अर्थ असा, की रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि चाकाचा व्यास १५ इंच. म्हणजे भिंत सुमारे १२० मिलिमीटर. १९५/५५ आर १६ टायरची भिंत सुमारे १०७ मिलिमीटर असते. टायरची एकूण उंची तीच, पण रबराची गादी पातळ. वळणावर पकड सुधारते हे खरे. मात्र खड्ड्यात आपटल्यावर अलॉयला तडा जाण्याची शक्यताही वाढते. आपल्या शहरांतील रस्ते पाहता हा हिशेब महत्त्वाचा आहे.

मोल किती?

गाडीचे मोल खरेदीच्या किमतीत संपत नाही. समजा, वर्षाकाठी १२ हजार किलोमीटर फिरणे आहे. साधी गाडी शहरात लिटरमागे १७ किलोमीटर देते आणि टर्बो गाडी जोरात चालवल्यास १३. साध्या गाडीला सुमारे ७०६ लिटर, तर टर्बो गाडीला सुमारे ९२३ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाला २१ हजारांहून अधिक आणि पाच वर्षांत लाखाच्या वर फरक पडतो. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्थांकडून प्रमाणित झालेले मायलेजचे आकडे ठरावीक परिस्थितीतील चाचणीचे असतात. टर्बो गाडीत उजव्या पायाचा भार वाढला की प्रत्यक्षातील आकडा त्यापासून झपाट्याने दूर जातो.

एक बाब मात्र टर्बोच्या बाजूची आहे. त्रयस्थ विम्याचा हप्ता शक्तीवर ठरत नाही, तो सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये निश्चित झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असे टप्पे होते. ९९८ सीसीचे १२० अश्वशक्तीचे इंजिन त्यामुळे सर्वांत खालच्या टप्प्यात बसते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र तिच्या किमतीनुसार वाढतो.

सजावटीच्या आवृत्तीला हा इंधनाचा भुर्दंड नसतो, हे मान्य करावे लागेल. पण जुनी गाडी विकताना स्टिकर आणि लाल शिवणीचे जादा पैसे परत मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. विकत घेणारा वर्ष, किलोमीटर आणि इंजिन पाहतो.

हौस आणि कायदा

साधी गाडी घेऊन बाहेरून ती ‘स्पोर्टी’ करून घेण्याची हौस अनेकांना असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल अमान्य ठरवले. कर्णकर्कश सायलेन्सर हा दंडास पात्र गुन्हा आहे. विमा कंपनीस न कळवता बदल केल्यास अपघातानंतर दावा अडचणीत येऊ शकतो. शोरूममधून मिळणारी ‘स्पोर्ट’ आवृत्ती या दृष्टीने निर्धोक असते, एवढे श्रेय तिला द्यायला हवे.

निर्णय घेताना

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या एका फेरीत उरकू नये. तिसऱ्या गिअरमध्ये ४० पासून ८० पर्यंत गाडी कशी जाते ते मोकळ्या रस्त्यावर पाहावे. चढावर चार माणसे बसवून चालवावी. खराब रस्त्यावर मागच्या आसनावर स्वतः बसून पाहावे, कारण ताठ सस्पेन्शनचा त्रास चालकापेक्षा मागे बसलेल्या ज्येष्ठांना अधिक होतो. त्यानंतर त्याच कंपनीची साधी आवृत्ती त्याच रस्त्यावर चालवावी. दोहोंत फरक जाणवला नाही, तर जादा रक्कम केवळ रूपाची आहे, हे स्पष्ट होते.

रूपासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. रोज सकाळी पार्किंगमध्ये गाडीकडे पाहून बरे वाटणे हेही सुखच आहे आणि कारमान घिया घेणाऱ्या लाखोंनी ते सुख उघड्या डोळ्यांनी विकत घेतले होते. ज्याला धावण्याचा आनंद हवा आहे, त्याने मात्र स्टिकरकडे न पाहता टर्बो, ब्रेक आणि टायर यांवर पैसे खर्च करावेत, आणि पेट्रोलचा खर्च आधीच हिशेबात धरावा. टियागो जेटीपी आणि अबार्थ पुंटो यांची वाखाणणी करणारे पुष्कळ होते. शोरूममध्ये जाऊन धनादेश लिहिणारे थोडे. तशा गाड्या पुन्हा हव्या असतील, तर त्या बाजारात असतानाच विकत घ्याव्या लागतात.